सर्व्हरबाईंची मोजणी

दुसऱ्या मजल्यावरच्या टोकाच्या खोलीत बाराही महिने थंडी असायची. यंत्रं तापू नयेत म्हणून एसी अखंड चालू, आणि त्या थंडीत एक बाई अंगात राखाडी स्वेटर घालून बसलेली. सरकारी रक्त तपासणी केंद्रात सगळे तिला सर्व्हरबाई म्हणत. सव्वीस वर्षं ती त्याच खोलीत होती. बाहेर ऊन रणरणत असलं तरी ती दुपारी जिना उतरायची ती स्वेटरच्या बाह्या खाली ओढत. लोक हसायचे. सुरुवातीला तीही हसायची; आता तेवढा उत्साह उरला नव्हता.

पाठ दुखायची, डोळे चुरचुरायचे, पण खरा शीण या दोन्हींचा नव्हता. यंत्र नीट चाललं तर कोणी विचारत नाही आणि अडलं की सगळे एकदम धावून येतात, याचा तो शीण होता. गेल्या आठ-नऊ महिन्यांपासून तर रोजच कोणी ना कोणी धावून येत होतं. खालच्या खिडकीवर रिपोर्ट मिळायला फार वेळ लागतो, रांग दारापर्यंत जाते, लोक भांडतात. दोष कोणाचा? सर्व्हरचा. म्हणजे पर्यायाने बाईचा.

एका सोमवारी मोठ्या साहेबांनी तिला आणि तिच्या सहकाऱ्याला बोलावलं. साहेब केंद्राचे प्रमुख, बदली होऊन येऊन वर्ष झालेले. टेबलावर एक रंगीत कागद होता, इंटरनेटवरून छापून काढलेला. त्यात उभ्या पट्ट्या होत्या, एक उंच, एक मध्यम, एक बुटकी.

"बाई, आपला सर्व्हर म्हातारा झालाय. नवीन यंत्र मंजूर झालंय. त्याच्यावर ऑपरेटिंग सिस्टिम कोणती घालायची तेवढं सांगा. हे बघा, यात तर सरळ दिसतंय कोणती पळते ते."

बाईने कागद उलटसुलट करून बघितला. कोणत्या यंत्रावर मोजलं, काय मोजलं, किती वेळा मोजलं, काहीच लिहिलेलं नव्हतं.

"साहेब, हे कोणीतरी त्याच्या कामासाठी मोजलंय. आपलं काम वेगळं आहे."

"मग तुम्ही मोजा. तीन आठवडे देतो. पण मला असाच कागद पाहिजे. पहिला, दुसरा, तिसरा. बैठकीत दाखवायचाय."

साहेबांच्या खोलीतून बाहेर पडताना सहकाऱ्याचा चेहरा फुलला होता. त्याला सगळे दाढी म्हणत. चाळिशीतला, कामाला वाघ, आणि एका गोष्टीपायी पुरता वेडा. ती गोष्ट म्हणजे बीएसडी.

युनिक्सच्या वळणाच्या ज्या सिस्टिम कोणालाही फुकट घेता येतात, उघडून आतला कोड वाचता येतो, बदलता येतो, त्यांत दोन मोठी घराणी. एक लिनक्स, दुसरं बीएसडी. केंद्रातला जुना सर्व्हर लिनक्सवर चालायचा. तो बाईनेच उभा केलेला. लिनक्समध्ये गाभा एका ठिकाणी तयार होतो आणि बाकीचा संसार दहा ठिकाणांहून जमवून त्याच्याभोवती मांडलेला असतो. कोणी कसा मांडलाय त्यावर त्याच्या शंभर तऱ्हा. बीएसडीत गाभा आणि घरातली रोजची भांडीकुंडी एकाच छपराखाली घडतात. दाढीच्या मते यातच सगळं आलं. बाईला दोन्ही पटायचं. पण दाढी भांडायला लागला की ती म्हणायची, "अरे, दोन्ही चांगल्या आहेत. दोन्हींना घरात घेतलं की त्यांची उस्तवार आपल्यालाच करायचीय."

नवीन यंत्र यायचं होतं. मोजणीसाठी अडगळीतून एक जुनं यंत्र काढलं. दाढीने त्यावर आळीपाळीने लिनक्स आणि दोन तऱ्हांच्या बीएसडी चढवल्या. पहिल्या शुक्रवारीच तो धापा टाकत बाईच्या टेबलाशी आला.

"ताई, संपला विषय. लिनक्सवर सेकंदाला एकशेदहा नोंदी लिहिल्या जातात. माझ्या बीएसडीवर नऊ हजार! नऊ हजार, ताई!"

बाईने चष्मा कपाळावर सरकवला. तिला आनंद झाला नाही आणि वाईटही वाटलं नाही. तिला फक्त कंटाळा आला, कारण आता दाढीचा हिरमोड आपल्याच हातून होणार हे तिला दिसत होतं.

"बस. या यंत्रातली डिस्क कसली आहे?"

"जुनीच. फिरणारी."

"मिनिटाला किती फेरे?"

"सात हजार दोनशे."

"म्हणजे सेकंदाला एकशेवीस. एक नोंद डिस्कवर पक्की झाली की मगच पुढची घ्यायची, असा आपला नियम आहे. मग एकशेवीस फेऱ्यांत नऊ हजार नोंदी पक्क्या कशा होतील रे?"

 दाढी हळूच उठला, आपल्या जागेवर गेला आणि तासाभराने परत आला, मान खाली घालून.

"गंमत म्हणून बघताना डेटाबेसमधली एक सेटिंग बदलली होती. परत जागेवर ठेवायची राहिली. नोंद मेमरीत गेली की ते 'झालं' म्हणून सांगत होतं. डिस्कपर्यंत पोचायची वाटच बघत नव्हतं."

"आणि मध्येच वीज गेली तर?"

"शेवटच्या काही नोंदी जातील."

"कोणाच्या तरी रक्ताच्या नोंदी असतील त्या. दोष सिस्टिमचा नाही, आपल्या मोजण्याचा आहे. आपण एकीला खरं बोलायला लावलं, दुसरीला थाप मारायची मुभा दिली, आणि मग दुसरीचं तोंड चालतं म्हणून कौतुक केलं."

त्यानंतर मोजणी बाईने स्वतःच्या हाती घेतली. तेच यंत्र, तीच डिस्क, सेटिंग सगळीकडे एकसारख्या. बाजारात मिळणाऱ्या तयार चाचण्या तिने बाजूला ठेवल्या आणि केंद्रातल्याच एका आठवड्याच्या नोंदी, नावं काढून टाकून, पुन्हा पुन्हा चालवल्या. प्रत्येक सिस्टिमवर वीस वेळा. दर वेळी यंत्र बंद करून पुन्हा सुरू करायचं, म्हणजे आधीच्या फेरीतलं मेमरीत उरलेलं पुढच्या फेरीच्या पथ्यावर पडणार नाही. एकदा दाढीने मध्येच त्याच यंत्रावर काहीतरी उतरवून घ्यायला लावलं, तेव्हा तिने त्या दिवसाच्या सगळ्या फेऱ्या रद्द केल्या. दाढी कुरकुरला. तिलाही जिवावर आलं होतं, पण केल्या.

हे सगळं रोजचं काम सांभाळून. संध्याकाळी घरी पोचेपर्यंत तिच्या अंगात त्राण उरत नसे. नवरा गाडी चालवायला शिकवायचा. दिवसभर नवशिक्यांच्या शेजारी बसून ब्रेकवर पाय ठेवून ठेवून त्याचा गुडघा धरायचा. दोघं समोरासमोर चहा घेऊन बसत आणि बोलणं दोन वाक्यांत संपे.

"अहो, काय झालं आज?" ती विचारी.

"एकाने खांबाला मिठी मारली. तुझं?"

"तेच ते. आकडे."

तिसऱ्या आठवड्यात आकडे हाती आले आणि त्यांनी तिला आणखीच थकवलं. तिन्ही सिस्टिमच्या सरासरीत तीन-चार टक्क्यांचा फरक होता. पण एकाच सिस्टिमच्या वीस फेऱ्या शेजारी-शेजारी ठेवल्या, तर त्या आपापसातच सहा टक्क्यांनी इकडेतिकडे होत होत्या. म्हणजे फरक आहे असं छातीठोक म्हणायची सोयच नव्हती. आपण ज्याचं वजन करतोय त्यापेक्षा काटाच जास्त हलतोय.

साहेबांना तिने तसंच सांगितलं.

"म्हणजे पहिला कोण?" साहेब म्हणाले.

"पहिला कोणी नाही, साहेब. आपल्या कामापुरत्या तिन्ही सारख्या."

"बाई, तीन आठवडे घेतलेत तुम्ही! पट्ट्या काढा हो. थोडी उंच, थोडी कमी उंच. काहीतरी तर असेल ना?"

"पट्टी तळापासून न काढता मधूनच सुरू केली तर तीन टक्के डोंगराएवढे दिसतील. बैठकीतले लोक फसतील. रांग काही हलणार नाही."

साहेबांना ते झोंबलं. "पुढच्या सोमवारपर्यंत कागद द्या," एवढंच म्हणून ते फोनकडे वळले.

त्याच आठवड्यात तिच्या नवऱ्याला साखरेची तपासणी करायची होती. बायको तिथेच कामाला आहे म्हणून मधूनच घुसणं त्याच्या स्वभावात नव्हतं. तो सकाळी रांगेत उभा राहिला आणि दुपारी रिपोर्ट घ्यायला पुन्हा उभा राहिला. संध्याकाळी चहाच्या वेळी तो गुडघा चोळत म्हणाला, "अगं, तुमची ती खिडकीवरची बाई काही हळू काम करत नाही. मी पाऊण तास बघत होतो. बोटं झरझर चालतात तिची. पण एक बटण दाबलं की ती हात मांडीवर ठेवून बसते. मग काहीतरी येतं, पुन्हा बटण, पुन्हा हात मांडीवर. आमच्याकडे सिग्नलला थांबतात ना, तशी."

"म्हणजे दर वेळी तेवढीच थांबते?"

"आता घड्याळ लावून बसलो नव्हतो मी. पण तेवढीच वाटली."

बाईने कप खाली ठेवला. सव्वीस वर्षांत खिडकीच्या आतल्या बाजूला बसून तिने कधी बघितलंच नव्हतं. तक्रारी जिना चढून वर यायच्या, ती वरूनच उत्तरं द्यायची. तीन आठवडे मोजलं तेही त्या थंड खोलीत दार लावून, यंत्राच्या पोटात बसून. खिडकीवरून सर्व्हरपर्यंत जो रस्ता होता, तो तिच्या मोजणीत कुठे आलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खाली गेली. खिडकीवरच्या बाईंना सगळे वहिनी म्हणत, कारण त्यांचे यजमान आधी इथेच तंत्रज्ञ होते. वहिनींनी तिला बघून भुवया उंचावल्या.

"अगंबाई, आज देव खाली उतरले!"

"वहिनी, शेजारी बसू का जरा? तुम्ही काम करा, मी फक्त बघते."

"बसा की. लोकांच्या शिव्या निम्म्या निम्म्या वाटून घेऊ."

बाईने मोबाईलमधलं घड्याळ सुरू केलं. वहिनींनी एका आजोबांचा नंबर टाकला, बटण दाबलं आणि हात मांडीवर ठेवले. पाच सेकंद आणि थोडं वर. नाव आलं. रिपोर्ट मागवला. पुन्हा पाच सेकंद आणि थोडं वर. छापायला सांगितलं. पुन्हा तेवढंच. पुढच्या बाईंच्या वेळी तेच. त्यांच्या रिपोर्टची दोन पानं होती, आजोबांचं अर्धं पान, तरी वेळ तोच. गर्दीची वेळ झाली, गर्दी ओसरली, तरी तोच.

चाळीस माणसं झाल्यावर बाईने मोबाईल बंद केला.  काम करणाऱ्या यंत्राचा वेळ कामाप्रमाणे कमी-जास्त होतो. इतका मोजून-मापून पाच सेकंद जातो तो काम करण्यात नाही, कोणाची तरी वाट बघण्यात जातो. आणि कोणाची, हे जिना चढता चढताच तिच्या लक्षात यायला लागलं होतं.

वर जाऊन तिने एक छोटीशी फाईल उघडली. खिडकीवरचं यंत्र काही मागायला आलं की सर्व्हर आधी त्याचं नाव नोंदवहीत लिहायचा, आणि नाव विचारायला दुसऱ्या एका यंत्राकडे जायचा. कोणाला विचारायचं त्याचे दोन पत्ते या फाईलमध्ये होते. पहिला पत्ता ज्या यंत्राचा, ते नऊ महिन्यांपूर्वी मोडीत निघालं होतं. बाईनेच ते बंद केलं, तारा काढल्या, अडगळीत पाठवलं. पत्ता खोडायचं राहून गेलं. तेव्हापासून सर्व्हर दर वेळी त्या नसलेल्या यंत्राला हाक मारत होता, पाच सेकंद वाट बघत होता, आणि मग निमूटपणे दुसऱ्या पत्त्यावर जात होता. माणशी तीन हाका. दिवसाला तीनशे माणसं. सव्वा तास. रोज सव्वा तास रांग उगाच उभी होती, कारण तिने एक ओळ पुसली नव्हती.

 तिने दाढीला बोलावून स्क्रीनवरची फाईल दाखवली.

दाढीने वाचलं, दाढीवरून हात फिरवला. "ताई, हे अजून कोणाला सांगितलंत?"

"तुलाच."

"मग एक ऐका. आता हात लावू नका याला. नवीन यंत्र दीड महिन्यात येतंय. त्यावर नवीन सिस्टिम, नवीन फाईल, पाच सेकंद आपोआप गायब. साहेब खूश, लोक खूश, तुमचं नावही यायचं नाही."

"आणि सगळे म्हणतील, बीएसडी आली आणि रांग गेली."

दाढी ओशाळला. "तसं नाही हो. मला तुमचं वाईट वाटतंय म्हणून म्हटलं."

ते खरंही होतं. बाईला मोह झाला नाही असं नाही. चार वर्षं राहिली होती नोकरीची. नऊ महिने सगळ्यांनी आपल्या सर्व्हरला बोल लावले आणि आपण मनातल्या मनात त्यांनाच अडाणी म्हणत राहिलो, हे कबूल करायचं म्हणजे तोंड कुठे लपवायचं! पण दीड महिना वहिनींनी हात मांडीवर ठेवून बसायचं, त्या आजोबांसारखी माणसं उभी राहायची, हे आता माहीत झाल्यावर तिला खालून जाता-येता मान वर करता आली नसती. तिने ती ओळ पुसली. एक बटण. दाढी बघत होता.

दहा मिनिटांनी खालून फोन आला. वहिनी म्हणाल्या, "अहो, हे काय झालं? बटण दाबायच्या आत येतंय. काही बिघडलं तर नाही ना?"

"नाही वहिनी. आधी बिघडलेलं होतं."

दुपारी तिने एक पान लिहिलं. काय झालं, केव्हापासून, कोणामुळे. 'कोणामुळे'च्या पुढे स्वतःचं पद लिहिलं. खाली सिस्टिमच्या मोजणीचे आकडे दिले, प्रत्येकाच्या वीसही फेऱ्यांसकट, आणि लिहिलं की वेगावरून यातली कोणतीही निवडता येत नाही.

साहेबांनी पान वाचलं. पुन्हा वाचलं.

"हे तुम्ही आजच दुरुस्त केलंत?"

"हो."

"जरा विचारायचं होतंत, बाई. नवीन यंत्र आल्यावर केलं असतं तर सगळ्यांना दिसलं असतं, सुधारणा झाली म्हणून. आता मी बैठकीत काय दाखवू? रांग गेली, यंत्र मात्र अजून यायचंय!"

"यंत्राची गरज आहेच, साहेब. डिस्क जुनी आहे, कधीही दगा देईल. तेवढं कारण पुरे आहे."

"आणि 'ही चूक माझी' असं तुम्ही लिहायची काय गरज होती?"

"पुढच्या माणसाला कळायला पाहिजे कुठे बघायचं ते."

साहेब रागावले नाहीत, पण खूशही झाले नाहीत. चार दिवसांनी तिला एक साधं पत्र आलं, यापुढे काळजी घ्यावी असं. तिने ते वाचून खणात ठेवलं. वाईट वाटलं, त्याहून जास्त, आता हे संपलं एकदाचं असं वाटलं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "माझ्याकडे गाडी ठोकली तर मी पत्र देत नाही, परत चालवायला बसवतो." त्या संध्याकाळी दोघं जरा जास्त वेळ बोलत बसले.

सिस्टिमचा प्रश्न मात्र तसाच होता. नवीन यंत्र आलं तेव्हा साहेबांनी वैतागून तिच्यावरच सोपवलं. तिने पुन्हा काही मोजलं नाही. एका दुपारी दाढीला समोर बसवलं आणि विचारलं, "खरं सांग. मी गेल्यावर रविवारी फोन आला की कोण येणार?"

"मीच. दुसरं आहे कोण?"

"काही अडलं तर पुस्तक न उघडता तुला कुठलं जास्त कळतं? लिनक्स की तुझं ते?"

 नऊ हजारांच्या प्रकरणानंतर दाढी जपून बोलायला शिकला होता. "बीएसडी. पण रिपोर्टचा प्रोग्राम लिनक्सवर तयार झालाय. तो तिथे नीट चालतो का ते आधी बघायला लागेल."

"बघ. आठवडाभर चालव, वहिनींना वापरायला दे. चालला तर तेच घालू."

"तुम्हाला तर लिनक्स आवडतं."

"मला आता घरी जायला आवडतं. तुझ्या हातातलं तू निवड. पण मग उद्या अडलं तर माझ्याकडे बोट दाखवायचं नाही."

दाढी हसला खरा, पण त्याचा चेहरा थोडा उतरलाही. इतकी वर्षं तो भांडत होता ते हरायच्या तयारीने. मागितलेलं हातात पडल्यावर त्याला त्याचं वजन कळलं. त्या आठवड्यात तो रोज तासभर वहिनींच्या शेजारी जाऊन बसला, मोबाईलमधलं घड्याळ लावून. प्रोग्राम दोन ठिकाणी अडला. एक दोष त्याने काढला, दुसरा बाईने.

एका रविवारी सकाळी केंद्र बंद असताना दोघांनी नोंदी नवीन यंत्रावर हलवल्या. जुन्या आणि नवीन नोंदींची संख्या तिने तीनदा जुळवून बघितली, मग कोणतेही पन्नास रिपोर्ट काढून शब्दन्‌शब्द ताडून पाहिले. दुपारी तीनला सगळं जुळलं. जुनं यंत्र बंद करायच्या आधी दाढीने त्याचा पत्ता आणखी कुठे कुठे लिहिलाय याची यादी केली आणि एकेक खोडत गेला. बाई खुर्चीत मागे टेकून बघत होती. तिला आनंद व्हायला हवा होता. पाय जड झाले होते, एवढंच तिला जाणवत होतं.

सोमवारी सकाळी ती जरा उशिराच आली. खिडकीशी सहा-सात माणसं होती. वहिनींनी तिला हाताने जवळ बोलावलं.

"ताई, सगळं छान आहे हो. पण आज सकाळपासून रिपोर्टची अक्षरं बारीक झालीत. म्हाताऱ्या माणसांना वाचता येत नाहीत."

बाईने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली, वहिनींकडून एक रिपोर्ट घेतला आणि डोळ्यांजवळ धरला. तिलाही नीट वाचता आला नाही.

"दाढीला खाली बोलवा," ती म्हणाली आणि वहिनींच्या शेजारची खुर्ची ओढून बसली.